नैराश्याच्या गोळ्या: सुरू करताना आणि सोडताना

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम किंवा सरट्रालिन लिहून दिली आहे, स्ट्रिप घरी आली आहे, पण पहिली गोळी घ्यावी की नाही हे ठरत नाही. हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. मी फार्मासिस्ट आहे. दुकानात उभं राहून एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांनी गोळ्या पुरेसे दिवस घेतलेल्याच नसतात, आणि ज्यांना फरक पडला त्यांतले पुष्कळ जण बरं वाटताच एका दिवसात त्या बंद करतात आणि मग हैराण होतात. माणसं अडखळतात ती या दोन टोकांना. त्यामुळे मधल्या काळाबद्दल मी थोडंच लिहिलं आहे.

गोळी नेमकं काय करते

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांच्या मार्फत. सेरोटोनिन हे त्यांतलं एक. एका पेशीने ते दोन पेशींमधल्या फटीत सोडलं की काम झाल्यावर तीच पेशी ते परत आत ओढून घेते. या गोळ्या ते परत ओढणारं दार अडवतात, म्हणून सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं. फ्लुऑक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन ही या गटातली सहा मुख्य औषधं. डॉक्टर त्यांना ‘एसएसआरआय’ म्हणतात. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७मध्ये मान्यता मिळाली आणि ‘प्रोझॅक’ या नावाने ते जगभर गेलं. नैराश्यावरची औषधं त्याआधीही होती, पण ती जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाला फार धोकादायक ठरत. नवा गट त्या मानाने बराच सुरक्षित निघाला, आणि तो एवढा पसरला याचं हे मोठं कारण आहे.

‘तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय, ते आपण भरून काढतोय’ असं अजूनही सांगितलं जातं. समजायला ते सोपं आहे, पण खरं नाही. २०२२मध्ये आतापर्यंतच्या संशोधनाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, याला ठोस पुरावा त्यात सापडला नाही. यावरून ‘म्हणजे गोळ्या खोट्या’ असा निष्कर्ष काढणारे व्हिडिओ लगेच फिरले. तसं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१८च्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि एक लाखाहून जास्त रुग्ण होते, तपासलेली सगळी २१ औषधं, ज्यात औषधच नसतं अशा तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरली. फरक सरासरीने मध्यम होता. कुणाला तो भरपूर जाणवतो, कुणाला अजिबात नाही. औषध उपयोगी पडतं, ते नेमकं कसं हे पूर्ण उलगडलेलं नाही, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. दार अडवण्याचं काम काही तासांतच होतं, पण मन हलकं व्हायला आठवडे लागतात; त्या अर्थी मेंदू मधल्या काळात स्वतःत हळूहळू बदल करत असणार.

डॉक्टरांकडे जाताना

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी सायकियाट्री किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. फॅमिली डॉक्टरही या गोळ्या देऊ शकतात आणि लहान गावात पुष्कळदा तेच देतात. त्यात काही वाईट नाही, फक्त पुढची भेट ठरवून घ्या. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे, गोव्यात बांबोळीला. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जायला माणसं कचरतात हे मला माहीत आहे. पण ओपीडीत रांगेत बसलेली बहुतेक माणसं तुमच्याआमच्यासारखीच, तपासून घेऊन घरी जाणारी असतात.

जाताना एका कागदावर लिहून न्या: सध्या चालू असलेली सगळी औषधं, त्यात बीपीची, रक्त पातळ करणारी, सांधेदुखीची, आयुर्वेदिक काढे आणि अश्वगंधासुद्धा. दारू किती आणि कधी. मासिक पाळी चुकली आहे का, बाळाला दूध पाजता का. घरात कुणाला मानसिक आजार होता का. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तासांच्या झोपेवरही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उधळले गेले, मोठमोठे बेत सुचत होते? अशा दिवसांना तेजीचा काळ म्हणतात. तो येऊन गेलेला असेल तर आजार बायपोलर, म्हणजे तेजी आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा, असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने पुन्हा तेजी उसळू शकते. नैराश्यात बसलेल्या माणसाला स्वतःचे ते दिवस आठवत नाहीत, किंवा ते त्याला ‘चांगले दिवस’ वाटतात. म्हणून हा प्रश्न घरातल्या माणसालाही विचारायला हवा. डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या लिहून दिल्या तर टाळू नका. थायरॉइड मंदावलं असेल किंवा शाकाहारी माणसाचं बी-१२ तळाला गेलं असेल तर थकवा, उदासी आणि विसरभोळेपणा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो.

त्रास सौम्य असेल, कामं होताहेत, झोप-भूक बरी आहे, तर लगेच गोळीच हवी असं नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं अशा वेळी आधी समुपदेशन आणि व्यायाम सुचवतात. मात्र माणूस अंथरुणातून उठेनासा झाला, जेवण तुटलं, मरणाचे विचार येऊ लागले, तर ‘आधी योगा करून बघू’ म्हणत महिने घालवणं मला मान्य नाही.

चिठ्ठी घरी नेण्याआधी वाचा

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, आणि बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. बारीक अक्षरातलं नाव पाठ करा. भारतात नेक्सिटो, युरोपात सिप्रालेक्स आणि अमेरिकेत लेक्साप्रो ही एकाच एस्सिटालोप्रामची नावं आहेत. शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांनी डॉक्टरांकडून खऱ्या नावाची, मिलिग्रॅमसकट चिठ्ठी करून घ्यावी. तिकडचा डॉक्टर आपल्या ब्रँडचं नाव ओळखणार नाही. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात याच नावाने विचारा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी भारतात सर्रास लिहिली जाते. स्ट्रिपवर ‘प्लस’ किंवा तत्सम काहीतरी असतं, आणि बारीक अक्षरात दोन नावं. क्लोनाझेपाम हे घबराट आणि झोपेसाठीचं वेगळ्या गटातलं औषध आहे. त्याने पहिल्याच दिवशी शांत वाटतं. पहिले दोन-चार आठवडे, एसएसआरआयचा गुण येईपर्यंत, त्याची मदत होते हे खरं. पण त्याची सवय लागते. एसएसआरआयची तशी ओढ लागत नाही. जोडगोळी वर्षभर चालू राहिली की माणूस म्हणतो, ‘नैराश्याच्या गोळीचं व्यसन लागलं’. प्रत्यक्षात अडकवलेलं असतं क्लोनाझेपामने. वयस्क माणसांत त्याने तोल जाऊन पडण्याची भीती असते. म्हणून चिठ्ठीत दोन औषधं एकत्र दिसली तर डॉक्टरांना विचारा: क्लोनाझेपाम वेगळी लिहून देता का, आणि ती कधी कमी करायची? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

सुरुवातीचा डोस बहुधा कमी असतो: एस्सिटालोप्राम ५ किंवा १० मिलिग्रॅम, सरट्रालिन २५ किंवा ५०, फ्लुऑक्सेटिन २०. शेजारच्या काकूंना २० चालू आहे म्हणून तुमची १० ‘हलकी’ ठरत नाही. आणि काकूंच्या स्ट्रिपमधून घेऊन तर मुळीच सुरू करू नका.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत त्रास आधी येतो आणि गुण नंतर. हे आधी कुणी नीट सांगितलं तर कितीतरी माणसं चौथ्या दिवशी गोळी बंद करणार नाहीत.

मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, घाम, जांभया, हात किंचित थरथरणं, झोप उडणं किंवा दिवसा पेंग येणं, यांपैकी दोन-तीन गोष्टी बऱ्याच जणांना होतात. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून पोट आधी कुरकुरतं. जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते. बहुतेकांचा हा त्रास आठवडा-दोन आठवड्यांत निवतो. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. पेंग असेपर्यंत स्कूटर चालवू नका.

उपासाचं बरेच जण विचारतात. नवरात्र असो, श्रावणी सोमवार असो की एकादशी, गोळी चुकवायची नाही. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर घ्या. निर्जळी उपास असेल तर तो यंदा नको. रोजे धरणाऱ्यांना सोपं आहे: दिवसाला एकच गोळी असते, ती इफ्तारनंतर घेता येते, डॉक्टरांना विचारून वेळ हलवा.

एखादी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

घबराटीचा आजार असलेल्यांची घबराट पहिल्या आठवड्यात थोडी वाढू शकते, म्हणून त्यांना डॉक्टर अगदी कमी डोसने सुरू करतात. पण एका ठिकाणी बसवेना, आतून कुणीतरी ढवळतंय असं वाटू लागलं, चिडचिड अनावर झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा. २५ वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४मध्ये मुलांसाठी हा ठळक इशारा छापायला लावला आणि २००७मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ तरुणांना गोळ्या देऊच नयेत असा नाही. उपचार न होणं हाही जिवाचा धोका आहे. पहिला महिना घरातल्या कुणीतरी जवळ असावं आणि आठवड्याला एकदा तरी डॉक्टरांशी बोलणं व्हावं, एवढा त्याचा अर्थ.

अशा वेळी स्ट्रिप घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा आणि आठवड्यापुरत्याच गोळ्या आणा. शेतात राहणाऱ्यांनी कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत, हे तितकंच महत्त्वाचं आहे. आणि थेट विचारा: ‘मरून जावंसं वाटतंय का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट माणूस बोलू लागतो. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर ११२ किंवा १०८, आणि जवळचा अपघात विभाग.

तिसऱ्या आठवड्यापासून

गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, पुरता अंदाज यायला सहा ते आठ. पुष्कळदा सुधारणा आधी घरच्यांना दिसते: ती आज आंघोळ करून बाहेर आली, त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, फोन उचलला. झोप, भूक आणि हालचाल आधी सुधारते. मनातली निराशा मागाहून जाते. त्यामुळे ‘मला अजून तसंच वाटतंय’ हे रुग्णाचं म्हणणं आणि ‘बरीच सुधारली’ हे आईचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नैराश्य किती आहे हे मोजणारी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, शून्य ते २७ गुणांची; आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. दर दोन आठवड्यांनी ती भरून आकडा तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत हा कागद फार कामाला येतो. सहा आठवडे पूर्ण डोस घेऊनही आकडा हलला नाही तर डोस वाढवणं, औषध बदलणं किंवा समुपदेशन जोडणं हे मार्ग आहेत. पहिल्याच औषधाने पूर्ण बरी होणारी माणसं सुमारे एक तृतीयांश. बाकीच्यांना दुसरं काहीतरी लागतं. म्हणून पहिलं औषध लागू पडलं नाही तर ‘माझ्यावर उपायच नाही’ असं समजू नका. मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) असणाऱ्यांनी आणखी धीर धरावा, तिथे डोस जास्त लागतो आणि दहा-बारा आठवडे जातात.

सोबत काय नको

माझ्या मते इथे औषध दुकानदाराची जबाबदारी मोठी आहे, पण तुम्हीही सांभाळा. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल आहे का बघा. कोरड्या खोकल्याच्या औषधात पुष्कळदा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. लिनेझोलिड हे प्रतिजैविक क्षयाच्या आणि चिवट संसर्गांच्या उपचारांत वापरतात. ही तिन्ही एसएसआरआयबरोबर सेरोटोनिन फार वाढवू शकतात. लक्षणं काही तासांत दिसतात: अंगात थरथर, पायांना झटके, दरदरून घाम, ताप, जुलाब, गोंधळलेपण, छातीत धडधड. असं झालं तर घरगुती उपाय न करता इस्पितळात जा आणि दोन्ही स्ट्रिप सोबत न्या.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं सोबत असतील तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. साठीच्या पुढच्यांच्या बाबतीत एक जास्तीची काळजी: रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर. आजोबा अचानक गोंधळले, चालताना झुकू लागले, तर वयावर ढकलू नका, सोडियम तपासा. दारू टाळलेलीच बरी. ती औषधाचा गुणही खाते आणि नैराश्यही वाढवते.

लैंगिक तक्रारींबद्दल दुकानात कुणीच बोलत नाही, आणि गोळ्या गुपचूप बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. इच्छा कमी होणं, पुरुषांत वीर्यस्खलनाला फार उशीर, स्त्रियांना तृप्ती न मिळणं, हे या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतं. तुमच्यात किंवा नात्यात काही बिघडलेलं नसतं. डोस कमी करता येतो, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखं औषध देता येतं. डॉक्टरांसमोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा. काहींना सगळ्याच भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, रडूही येत नाही, तेही सांगा.

दिवस राहिले हे कळताच घाबरून गोळी बंद करू नका. सरट्रालिन बरेचदा चालू ठेवता येते, पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात. निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या, एकट्याने नाही.

सोडताना

पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ‘बरं वाटतंय, मग कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर असं की लवकर थांबवल्यास आजार परतण्याची शक्यता बरीच जास्त असते.

थांबवायची वेळ नीट निवडा. बारावीची परीक्षा, घरातलं लग्न, नोकरी बदल, बाळंतपण यांच्या तोंडावर नको. एका दिवसात तर कधीच नको. अचानक बंद केल्यास चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू येणं असा त्रास होऊ शकतो. औषधामुळे होणारा हा त्रास सुमारे सहा-सात जणांतल्या एकाला होतो. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ते सोडताना त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सोडणं सहसा सोपं.

कमी करण्याचं गणित सरळ नाही. एस्सिटालोप्राम २० वरून १० वर आणताना मेंदूतल्या परिणामात फारसा फरक पडत नाही. ५ वरून शून्यावर येताना मात्र तो एकदम कोसळतो. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या मोठ्या चालतात, शेवटच्या लहान हव्यात. २०, १०, ५, मग २.५, आणि प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, असा बेत डॉक्टर आखून देऊ शकतात. वर्षानुवर्षं घेतलेल्यांना याहून हळू जावं लागतं. ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला पॅरॉक्सेटिनसारख्या औषधाला बरा नाही, कारण मधल्या दिवशी पातळी घसरते. गोळी तोडायची तर मधे रेघ असलेली तोडा. सीआर किंवा ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, तोडायची नाही. क्लोनाझेपामची जोडगोळी असेल तर अर्धी केल्यावर दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात आणि त्रास कशाचा हे कळत नाही. आधी दोन्ही वेगळ्या स्ट्रिप करून घ्या, मग एका वेळी एकच कमी करा.

गोळी कमी केल्यावर त्रास झाला तर तो सोडण्याचा आहे की आजार परततोय, हे कॅलेंडरवरून बरंचसं कळतं. दोन-चार दिवसांत सुरू झालेली चक्कर आणि डोक्यातले झटके सोडण्याचे असतात, आणि आधीचा डोस घेतला की एक-दोन दिवसांत ते थांबतात. कित्येक आठवड्यांनी, हळूहळू, सकाळचं जडपण आणि कशातच मन न लागणं परत आलं तर तो आजार असू शकतो. दोन्ही वेळी डॉक्टरांना कळवून आधीच्या पायरीवर परत जा, महिनाभर स्थिर राहा, आणि पुढची पायरी पहिल्यापेक्षा लहान ठेवा. शेवटची गोळी संपल्यावरही पीएचक्यू-९ सहा महिने दर पंधरा दिवसांनी भरत राहा, आणि आकडा सलग दोनदा दहाच्या वर गेला तर भेटीची वेळ घ्या.